टिन बदलायचं की दुरुस्त करायचं?



गेल्या डिसेंबरात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईने चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "घरावरचं टिन बदलायचं आहे. रोज पहाटे अंथरुणावर पाणी टपकतं, लेकरं खोकून खोकून जागतात." गटाजवळ जमा होती त्यातला निम्मा पैसा तिथेच गेला असता. नाही म्हणवत नव्हतं, हो म्हणायचा धीर होत नव्हता. तेवढ्यात एक म्हातारी सदस्य बोलली, "अवं, पण दसऱ्यापासून पावसाचा थेंब नाही. मंग पाणी येते कुठून?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. मोताळ्याकडची डिसेंबरातली थंडी तुम्हाला सांगायला नको. राजूर घाटाकडून वारं सुटलं की शेकोटीपासून उठवत नाही. आत जाऊन बॅटरी वर मारली, तर एका जागी नाही, सगळ्या टिनाला खालून घाम आल्यासारखे थेंब धरले होते. भिंतीचा वरचा झरोका आणि टिनाखालची फट थंडीसाठी चिंध्या कोंबून बंद केलेली. आत पाच माणसं झोपलेली, कोपऱ्यात चूल, दोरीवर ओले कपडे.

हे गळणं नव्हतंच. आभाळ निरभ्र असलं की रात्री टिनातली ऊब वर निघून जाते आणि टिन बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतं. माणसांच्या श्वासातली, भातातली, कपड्यांतली वाफ त्याला लागली की पाणी होतं. भाजीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून थेंब दिसतात ना, तसंच. इथे चाळीस हजारांचं नवं टिन टाकलं असतं, तरी पुढच्या पहाटे तेही टपकलंच असतं.

म्हणून आम्ही आता सगळ्यांना सांगतो, आधी पाणी कुठलं ते ओळखा. थंडीच्या पहाटे सगळीकडे थेंब आणि ऊन चढलं की कोरडं, तर ती वाफ. पावसात एकाच जागी धार लागते, खालच्या लाकडावर तांबूस ओघळ दिसतो, तर ते गळणं. वाफेला उपाय स्वस्त आहे. वरची फट थोडी मोकळी ठेवा, ओले कपडे बाहेर वाळवा, टिनाखाली चटई किंवा तट्ट्याचं छत बांधा. टिन आणि छतामध्ये हात-दीड हात मोकळी जागा राहिली तर थंडीतही बरं वाटतं आणि मे महिन्यात तर फारच. थर्माकोल मात्र लावू नका, चुलीची ठिणगी लागली तर ते भडकतं.

आणि एक गोष्ट मधेच सांगतो, कारण ती जिवाची आहे. खोली बंद करून आत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेलं माणूस उठत नाही.

आता खरंच गळत असेल तर. टिन तपासायला वर चढायची गरज नाही. भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत उभं राहा. उजेडाचे ठिपके कुठे दिसतात ते काठीला खडू बांधून खुणा करत चला. ठिपके जर खिळ्यांच्या आणि हुकांच्या आजूबाजूलाच असतील तर पत्रा चांगला आहे, त्याचं वॉशर गेलं आहे. रबर उन्हाने तडकतं. हुक आणि वॉशर बदलले की काम झालं. मिस्त्रीवर लक्ष ठेवा, भोक पत्र्याच्या उंचवट्यावरच पाडायला लावा. नालीत भोक पाडलं तर पाणी तिथूनच वाहणार. दोन पत्र्यांच्या टोकांचा जोड अर्धा फूट तरी एकमेकांवर यायला हवा. आमच्या पाहण्यात बरीच गळकी घरं अशी आहेत की पत्रा वाचवायला चार बोटं कमी चढवला आणि तिथून पाणी उलटं शिरलं.

पत्र्यावरचा गंज पण दोन तऱ्हेचा. हात फिरवल्यावर तांबडी पूड लागते पण पत्रा टणक आहे, तर घासून रंग मारा, चालेल काही वर्षं. बोटाने दाबल्यावर पत्रा दबतो, चाळणीसारखे बारीक ठिपके दिसतात, तर त्यावर डांबर आणि सिमेंट थापण्यात पैसा घालू नका. दहा पत्र्यांतले दोन-तीन असे असतील तर तेवढेच बदला. निम्मे असतील तर सगळेच. नवा घेताना लक्षात ठेवा, गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढा पत्रा पातळ. दुकानात मिलिमीटरमध्ये जाडी विचारून घ्या.

पण पत्र्यापेक्षा आम्ही जास्त बघतो ते खालचं लाकूड. आमच्या आळीत एका घराचं टिन चकचकीत, दोन वर्षांपूर्वी घातलेलं. खाली वासे जुनेच. भिंतीत टेकलेल्या टोकाला लांब खिळा टोचला तर लोण्यात शिरल्यासारखा आत गेला. वाळवी आणि ओल भिंतीत शिरलेल्या टोकालाच आधी लागते. असा वासा ठोकला की पोकळ वाजतो. अशा घराला वरून कितीही डागडुजी केली तरी धोका खालीच आहे. तिथे पत्रे उतरवून आधी वासे बदलायचे आणि तेच पत्रे परत चढवायचे. टिन उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड तर आजच काढा. वावधनात टिन हललं की दगड पहिल्यांदा लेकरावर येतो. हुक पक्के असले तर दगड लागत नाही.

धाब्याच्या घरांचं वेगळं. ते थंडीत उबदार, उन्हाळ्यात गार, त्याला टिनाची सर नाही. पण गळलं की वर माती टाकायची, पुढच्या वर्षी परत टाकायची, असं करत थर वाढत जातो. दहा बाय दहाच्या खोलीवर अर्धा फूट माती म्हणजे पन्नास घनफूट. कोरडी असतानाच ती दोन टनांच्या आसपास भरते, भिजली की आणखी. म्हणून आधी जुनी माती खरवडून काढा, मग नवी घाला. मधली लाकडं वाकलेली दिसली किंवा भिंतीला वरून खाली तडा गेला असेल तर माती न टाकता आधी खोली रिकामी करा.

सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना हातोडी लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सगळ्या प्रकारचं ॲस्बेस्टॉस कर्करोग करू शकतं. अखंड पत्रा आहे तसा राहू द्या. भेगाळलेला काढायचाच असेल तर पाणी मारून, न फोडता काढा. तुकडे चुलीभोवती लावायला घेऊ नका, झाडू मारून धूळ उडवू नका. आणि त्यावर पाय तर ठेवूच नका, माणसासकट खाली येतो.

हे सगळं हिवाळ्यातच उरकायचं, कारण मिस्त्री तेव्हा मोकळा मिळतो आणि लाकूड कोरडं असतं. पण हिवाळा कोरडाच जाईल या भरवशावर टिन उघडं टाकू नका. नोव्हेंबर २०२३च्या शेवटी आपल्या जिल्ह्यात अवकाळी आणि गारा पडल्या, ते आठवा. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीटही आपण पाहिली आहे. पत्रे उतरवायचे तर एका बाजूचे उतरवून चढवा, मग दुसरी बाजू. वादळात नुकसान झालं तर दुरुस्तीआधी फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. २०२२ ते २०२६ च्या सरकारी निकषांत, नैसर्गिक आपत्तीत घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये अशी मदत होती.

घरकुलाच्या यादीत नाव असेल तर टिनावर मोठा पैसा घालण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन नंबर कुठवर आला ते विचारा. प्रधानमंत्री आवास योजना २०१६ पासून ग्रामीण भागात चालू आहे आणि घराला केंद्र-राज्य मिळून पैसे मिळतात. ती बेघर आणि कच्च्या घरांसाठीच आहे. नंबर जवळ असेल तर पावसाळ्यापुरती डागडुजी पुरते. नंबर लांब असेल, किंवा नावच नसेल, तर वाट बघत लेकरांना ओल्यात ठेवण्यात अर्थ नाही.

त्या ताईच्या घरी आम्ही दुपारी परत गेलो, दारं लावून बघितलं. दहातले दोन पत्रे चाळणी झालेले निघाले, एका वाश्याचं टोक गेलेलं. दोन पत्रे, एक वासा, सगळे हुक आणि आत तट्ट्याचं छत, मजुरी धरून साडेअकरा हजारांत बसलं. तेवढं कर्ज गटाने दिलं. तूर विकल्यावर ती दोन हप्ते एकदम भरणार आहे, असं ठरलं. झरोक्यातल्या चिंध्या आम्हीच काढल्या. सासूबाई आठ दिवस बोलत नव्हत्या, थंडी आत येते म्हणून. छत बांधून झालं तेव्हा त्यांनीच चहा ठेवला.