सद्गुणाला कूळ लागते काय?

बाल्दास्सारे कास्तिल्योने याचा आदर्श दरबाऱ्यावरील इटालियन संवादग्रंथ १५२८ साली व्हेनिसला छापला गेला. १५०७ साली उर्बिनोच्या राजवाड्यात चार रात्री चाललेली चर्चा, अशी त्याची मांडणी. मी तो वाचला तो एका वादासाठी. काउंट लुदोविको म्हणतो, दरबारी कुलीनच हवा. गास्पारे पाल्लाविचिनो हरकत घेतो: हलक्या मानलेल्या कुळांतही निसर्ग मोठे गुण देतो. लुदोविको हे नाकारीत नाही. कुलीनाविषयी लोकांचे मत आधीच अनुकूल असते, यावर तो भर देतो. म्हणजे कूळ हा गुण नव्हे. ते पूर्वग्रहाचे भांडवल आहे. चौथ्या रात्री ओत्ताव्हिआनो फ्रेगोसो सांगतो: शस्त्रविद्या, संगीत, डौल ही साधने, राजाला न भिता सत्य सांगून सन्मार्गावर ठेवणे हे साध्य. नेतृत्वाची हीच कसोटी मी मानतो. तिला जन्माचा दाखला लागत नाही.