आडवाटेवरचे तीन डोंगर

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे शहरांतील घरोघरीं एकच विचार सुरू होतो : यंदा कोठें जावयाचें? उत्तरहि बहुधा ठरलेलेंच असतें. महाबळेश्वर, नाहीं तर माथेरान. या दोन्ही स्थानांचें सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु त्यांची कीर्ति केवळ सौंदर्यामुळें झाली, असें मात्र नाहीं. इ. स. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यांनीं महाबळेश्वरीं वसाहत घातली. १८५० सालीं मॅलेट या कलेक्टरांची दृष्टि माथेरानवर गेली आणि १९०७ सालीं तेथें चिमुकली आगगाडी चढली. वाट गेली तेथें कीर्ति गेली. वस्तुतः गारव्याला कीर्ति लागत नाहीं, उंची लागते. हजार मीटर वर चढलें कीं हवेची उष्णता सरासरी सहा-साडेसहा अंशांनीं उतरते, आणि हा नियम सर्व डोंगरांना सारखाच लागू आहे. श्रोतेहो, म्हणूनच आडवाटेवरच्या तीन डोंगरांचा परिचय आज करून द्यावा, असें योजिलें आहे.

पहिला डोंगर अगदीं उत्तरेचा. नंदुरबार जिल्ह्यांत, सातपुड्याच्या माथ्यावर, सुमारें ११५० मीटर उंचीवर तोरणमाळ वसलें आहे. शहाद्याहून निघालेला रस्ता वळणें घेत घाट चढतो आणि वर पोहोंचल्यावर डोंगरांच्या कुशींत पसरलेला विस्तीर्ण यशवंत तलाव अवचित दिसतो. जवळच सीताखाईची खोल दरी आहे. गोरखनाथाच्या स्थानीं महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. भिल्ल आणि पावरा बांधव दूरदूरच्या पाड्यांवरून पायीं येतात. खालीं खान्देश उन्हानें होरपळत असतां येथें रात्रीं अंगावर पांघरूण घ्यावेंसें वाटतें.

दुसरें स्थान वऱ्हाडांतील चिखलदरा. अमरावती जिल्ह्यांतील गाविलगडाच्या रांगेंत, सुमारें १,१०० मीटर उंचीवर तें आहे. भीमानें कीचकाचा वध करून त्याला येथील दरींत लोटलें, अशी लोकांची समजूत आहे. भीमकुंड आजहि दाखवितात. डिसेंबर १८०३ मध्यें इंग्रजांनीं जिंकलेला गाविलगड येथून जवळच आहे. महाराष्ट्रांत क्वचितच दिसणारे कॉफीचे मळे येथें पाहावयास मिळतात. भोंवतालीं मेळघाटचें सागवानी अरण्य आहे. १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हां प्रथम निवडलेल्या नऊ वनांत त्याची गणना झाली. या वनांत पिढ्यान्‌पिढ्या राहात आलेल्या कोरकूंना जंगलाची जी ओळख आहे, ती आपल्याला पुस्तकांतून होणार नाहीं.

तिसरें स्थान दक्षिणेचें, सिंधुदुर्गांतील आंबोली. उंची अवघी ७०० मीटरांच्या आंतबाहेर. परंतु पाऊस वर्षाला सुमारें ७,००० मिलिमीटर. अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतात, थंडावतात आणि तेथेंच रिते होतात. हिरण्यकेशी नदी येथें एका गुहेंतून उगम पावते आणि पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असूनहि पाठ फिरवून पूर्वेकडे, घटप्रभेच्या भेटीस जाते. त्या उगमाजवळच्या कुंडांत सांपडलेल्या एका लहानशा माशाला २०२० सालीं नदीचेंच नांव मिळालें, आणि पुढील वर्षीं तें स्थळ जैवविविधतेचा वारसा म्हणून घोषित झालें. येथील जांभ्या दगडाच्या सड्यांवर आणखी एक नवल आहे. २००९ सालीं वर्णिलेला, वाघासारख्या पट्ट्यांचा एक लहान भेक पहिल्या पावसांत खडकावरच्या उथळ डबक्यांत अंडीं घालतो. त्याचा वास आंबोलीच्या परिसरापुरताच आहे.

हें सांगण्याचा हेतु केवळ कौतुकाचा नाहीं. तळहाताएवढ्या डबक्यांत ज्याची पुढची पिढी वाढते, त्याचा संसार मोटारीच्या एका चाकाखालीं संपतो. कुंडांत धुतलेल्या एका ताटाचें खरकटें त्या माशाला पुरेसें घातक आहे. आजवर या डोंगरांचें रक्षण त्यांच्या अप्रसिद्धीनें केलें. आपण तेथें गेलों कीं तें कवच गळून पडतें आणि रक्षणाचा भार आपल्यावर येतो.

मग जाऊंच नये काय? अवश्य जावें, मात्र ऋतु पाहून जावें. तोरणमाळ उन्हाळ्यांत, चिखलदरा पावसाच्या अखेरीस आणि आंबोली भर पावसाचा जोर ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनांत, अधिक खुलते. मुक्काम गांवच्या माणसाकडे करावा, वाटाड्या तेथलाच घ्यावा, भाकरी तेथलीच खावी. म्हणजे डोंगर राखण्यांत त्यांचाहि लाभ राहील. सड्यावर मोटार नेऊं नये. आणि जातांना पिशवींत जें भरून नेलें, त्याचीं वेष्टनें परततांना त्याच पिशवींत असावींत. एवढी शिस्त पाळली, तर आपल्यामागून येणाऱ्यांनाहि हे डोंगर असेच भेटतील.