जुन्या मोटारीच्या सुकाणूचक्रावर रेडिओचीं बटणें

दापोडीचें नांव घेतलें कीं पुष्कळांस एस. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आठवते. दिनांक 1 जून 1948 रोजीं पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पहिली एस. टी. धांवली. त्या सेवेच्या गाड्या बांधणारी व दुरुस्त करणारी ही कार्यशाळा ज्या गांवांत आहे, तेथील मुलांना जुनी गाडी म्हणजे टाकाऊ गाडी नव्हे हें निराळें शिकवावें लागत नाहीं. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत माझ्या थोरल्या बंधूंनीं घरच्या जुन्या मोटारींत एक नवी सोय करण्याचें मनावर घेतलें, तेव्हां मीही हौसेनें त्यांच्या हाताखालीं उभा राहिलों. गाडींतील रेडिओचा, ज्यास आपण सर्व अजून ‘टेप’च म्हणतों, आवाज कमीजास्त करण्याचीं बटणें सुकाणूचक्रावर, म्हणजे स्टिअरिंगवर, आणावयाचीं हीच ती सोय.

गाणें ऐकण्यासाठीं एवढा खटाटोप कशास, असें वाचक विचारतील. ताशी 60 किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत जवळजवळ 17 मीटर अंतर कापते. टेपचें बटण शोधण्यासाठीं चालकानें दोन सेकंद नजर खालीं वळविली, तर तेवढ्यांत गाडी सुमारें 33 मीटर पुढें गेलेली असते. नाशिक फाट्याकडून हॅरिस पुलाकडे येणाऱ्या रस्त्यावर तेवढ्या अंतरांत काय काय आडवें येऊं शकतें, तें दापोडीकरांस सांगावयास नको.

ही गरज लोकांस फार पूर्वींच जाणवली होती. अमेरिकेंत पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीनें 1930 मध्यें मोटारीसाठीं रेडिओ काढला व त्यास ‘मोटोरोला’ हें नांव दिलें. त्या काळच्या मोटार-रेडिओंच्या बऱ्याच नमुन्यांत कळा स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवीत. परंतु दांड्याचें आवरण स्थिर असतें. चक्र मात्र फिरतें. फिरत्या चक्रावरील बटणांना साध्या तारा जोडल्या, तर त्या दांड्याभोंवतीं वेटोळें घालून दोनचार वळणांतच तुटतील. सारी अडचण येथेंच आहे.

जुन्या गाड्यांत हॉर्नपुरती एकच तार लागे. चक्राच्या पाठीशीं पितळेचें कडें बसवीत आणि त्यावर स्प्रिंगनें दाबलेली एक खुंटी घांसत राही. तेवढ्यानें काम भागे. एअरबॅगेस मात्र असला घांसणारा सांधा भरंवशाचा नाहीं. अपघाताच्या क्षणीं तिचा संदेश बिनचूक पोंचलाच पाहिजे. म्हणून चक्राखालीं एका चपट्या डबींत लवचिक तारपट्टीची सैल गुंडाळी ठेवतात. चक्र एका बाजूस वळलें कीं ती आवळते, दुसऱ्या बाजूस वळलें कीं सैल होते. घड्याळाच्या स्प्रिंगशीं असलेल्या या साम्यामुळें तिला ‘क्लॉकस्प्रिंग’ म्हणतात. भारतांत 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्यापूर्वींच्या पुष्कळ गाड्यांत ती नाहीं. आमच्या गाडींत ती होती, बटणें तेवढीं नव्हतीं. ज्यांच्या गाडींत क्लॉकस्प्रिंगच नाहीं, त्यांनीं चक्रावर पट्ट्यानें बांधावयाचीं बिनतारी बटणें घ्यावीं. तीं लहानशा गोल सेलवर चालतात व कांहींहि उकलावें लागत नाहीं. दिसावयास तीं फारशीं देखणीं नसतात, एवढाच काय तो दोष.

आतां दुसरें कोडें. आवाज वाढविणें, कमी करणें, पुढचें गाणें, मागचें गाणें अशीं कामें अनेक, आणि तारा मात्र दोनच. शाळेंत शिकलेला ओहमचा नियम येथें कामास येतो. प्रत्येक बटणाबरोबर निरनिराळ्या मूल्याचा रोधक जोडलेला असतो, आणि टेपच्या आंतहि एक ठराविक रोधक असतो. समजा, आंतील रोधक 1000 ओहमचा आहे व त्यास 5 व्होल्ट विद्युद्दाब दिला आहे. बटणाचा रोधक 250 ओहमचा असेल, तर तें दाबतांच तारेवर 1 व्होल्ट दाब राहील. 1000 ओहमचा असेल, तर अडीच व्होल्ट. 4000 ओहमचा असेल, तर 4 व्होल्ट. टेप हा दाब मोजून कोणतें बटण दाबलें तें ओळखतो. दारावरील थाप ऐकून कोण आलें तें आमची आजी सांगते, तसाच हा प्रकार.

एअरबॅग काढण्याचें काम दादांनीं स्वतः केलें नाहीं. ओळखीच्या एका जाणत्या मिस्त्रींस बोलाविलें. त्यांनीं बॅटरीचें ऋण टोंक सोडविलें आणि गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेला अवधि संपेपर्यंत कशासहि हात लावला नाहीं. बॅटरी सुटली तरी एअरबॅगेच्या यंत्रणेंत कांहीं काळ वीज साठून राहते. पिवळीं जोडणीं असलेल्या तारा एअरबॅगेच्या. त्यांस मापकयंत्र लावावयाचें नाहीं, असें त्यांनीं मला दोनदां बजावलें. जुन्या क्लॉकस्प्रिंगमध्यें बटणांच्या तारा नव्हत्या, म्हणून नवी आणली होती. तिच्यावर ती फिरूं नये म्हणून एक चिकटपट्टी लावलेली होती. मीं ती सहज काढली, डबी हातांत घेऊन चारदोन वेळां गरगर फिरविली आणि कोणास न सांगतां परत ठेवली.

दुसऱ्या दिवशीं हॅरिस पुलाच्या अलीकडे दादांनीं गाडी पूर्ण वळविली, तोंच चक्राखालीं ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. हॉर्न मुका झाला आणि समोर एअरबॅगेचा लाल दिवा लागला. म्हणजे आमची गाडी आतां कोणास इशारा देऊं शकत नव्हती, आणि अपघात झाला असता तर एअरबॅग उघडण्याचाहि भरंवसा नव्हता. दादांनीं अगदीं हळू हळू गाडी घरीं आणली. मिस्त्रींनीं डबी उघडली, तों आंतील पट्टी तुटलेली! “काय रे, ही चिकटपट्टी कोणीं काढली होती?” दादांनीं विचारलें. मीं खरें तें सांगितलें. ते रागावले नाहींत. दुसरी डबी आणावयास मलाच पाठविलें, आणि तिचे पैसे माझ्या साठविलेल्या खाऊच्या पैशांतून गेले.

मध्य कसा साधावा तें मिस्त्रींनीं त्या तुटक्या डबीशेजारीं बसवून मला समजाविलें. गुंडाळी हलक्या हातानें एका टोंकापर्यंत न्यावी, तेथून दुसऱ्या टोंकापर्यंतचे फेरे मोजावे, आणि निम्मे फेरे परत यावें. गाडीचीं पुढचीं चाकें त्या वेळीं अगदीं सरळ असलीं पाहिजेत. नव्या डबीचा मध्य कारखान्यांतच साधलेला असतो. म्हणून तिची चिकटपट्टी चक्र बसविण्याच्या वेळींच काढावी.

राहिलेलें काम सोपें होतें. टेपच्या पाठीमागें ‘की’ अशी खूण असलेली तार असते. तिला बटणांची तार जोडली, दुसरी तार गाडीच्या लोखंडी अंगास दिली, आणि टेपला एकेक बटण दाबून त्याचें काम शिकविलें. आवाज वाढविण्याचें बटण दाबलें कीं गाणेंच बदलूं लागलें, तेव्हां एक सांधा पुन्हां डाख देऊन पक्का करावा लागला. कच्च्या सांध्याचा रोध बटणाच्या रोधांत मिसळला कीं टेपची अशी फसगत होते. शेवटीं लाल दिवा विझला आहे व हॉर्न वाजतो आहे हें पाहूनच गाडी बाहेर काढली. फोन घेण्याचें बटण मात्र दादांनीं टेपला मुद्दाम शिकविलें नाहीं.