बाधत असतं तर वानरानं खाल्लंच नसतं?

रामटेकच्या गडावर वानरापुढे क्रीमचं बिस्किट धरणाऱ्या माणसाला एकदा टोकून बघा. उत्तर ठरलेलं असतं. "अहो, जनावर आहे ते! काय खायचं, काय नाही, त्याला उपजतच कळतं. बाधत असतं तर त्यानं खाल्लंच नसतं." हेच नागपुरात सेमिनरी हिल्सवर ऐकू येतं आणि पेंचच्या वाटेवर गाडीची काच खाली करून केळी फेकणाऱ्यांकडूनही. वर आपणच अडाणी, असा चेहरा! तेव्हा एकदा सविस्तर बोलूच.

उपजत येते ती जीभ. गोड आवडतं, फार कडू नको वाटतं, एवढंच. कोणत्या झाडाचं पान कोवळं असतानाच खायचं, कोणतं फळ कधी पिकतं, कोणत्या सालीखाली काही हाती लागतं, ही माहिती जिभेत नसते. ती शिकावी लागते, आणि बहुतेक वेळा आईकडून.

हे सर्वांत नीट मोजलं गेलंय ते ओरांगउटानमध्ये. त्याचं पिल्लू सात-आठ वर्षं आईसोबत राहतं. आई काही सोलायला लागली की अगदी तिच्या तोंडाशी तोंड नेऊन टक लावून बघतं. सुमात्रातल्या सुआक बालिंबिंगच्या जंगलात अशा नोंदी वर्षानुवर्षं घेतल्या गेल्या. त्यातल्या 12 वर्षांच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी संगणकात ओरांगउटानचं बालपण उभं केलं आणि 2025 मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. मोठ्या ओरांगउटानच्या खाण्यात सुमारे अडीचशे पदार्थ असतात. पिल्लाच्या वाट्याचं बघणं आणि मोठ्यांची सोबत काढून घेतली, तर ते मोठं झालं तरी त्याची यादी तिथवर पोचत नाही.

त्याच भागात नीसिया नावाचं फळ मिळतं. बिया तेलकट, पौष्टिक. पण भोवती खाजकुयलीसारखी बोचरी कुसं. सुआकची ओरांगउटान काटकी सोलून घेतात, दातात धरतात, कुसं झाडतात आणि बिया उकरतात. अलास नदीच्या पलीकडेही हेच झाड आहे, ओरांगउटानही आहेत. तिथे काटकी कुणी वापरत नाही. त्यांना नदी ओलांडता येत नाही, त्यामुळे ही युक्तीही अलीकडेच राहिली. ओरांगउटानचे अभ्यासक कारेल व्हान शाइक आणि सहकाऱ्यांनी हा फरक मांडून बराच काळ लोटला. सुआकच्या दलदलीत खाणं मुबलक, म्हणून ओरांगउटान दाटीनं राहतात आणि एकमेकांचं बघायची संधीही जास्त मिळते. म्हणजे शिकवणी किती मिळणार, हेही जंगलच ठरवतं. बोर्निओत अनाथ पिल्लांसाठी चक्क जंगलशाळा चालवाव्या लागतात. उपजत कळत असतं तर थेट सोडून दिली नसती का?

आता आपल्या वानराकडे या. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं. पुढच्या कप्प्यात जिवाणू पानं आंबवतात, तेव्हा कुठे त्यातून पोषण मिळतं. कान्हाच्या जंगलात अभ्यासक पॉल न्यूटन यांनी 1980 च्या दशकात वानरांच्या खाण्याच्या नोंदी केल्या. त्यात सर्वांत मोठा वाटा पानांचा, त्याखालोखाल फळं, शिवाय कळ्या, फुलं आणि किडेसुद्धा. हंगाम फिरला की ताट फिरतं: फागुनात पळस, मग मोह, मग उंबर आणि कोवळी पालवी. अशा पोटात साखर आणि मैदा पडला की जिवाणू भराभर आंबवतात, आम्ल वाढतं, पोट फुगतं. लग्नातलं उरलेलं अन्न खाऊन गाय तडफडताना शेतकऱ्यानं पाहिलेली असते. तेच हे. त्या गाईनंही ते आवडीनंच खाल्लेलं असतं! आवडणं आणि पचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मधुमेह घराघरात असलेल्या समाजाला मी सांगायला हवं का?

आणि शिकणं? वानरांच्या माद्या सहसा जन्मल्या त्याच टोळीत राहतात. नर बाहेर पडतात. त्यामुळे रानाची ओळख आईकडून लेकीकडे जाते. गडाच्या पायऱ्यांवर पाच मिनिटं थांबा. मादी पुड्याची कड दातात धरून फाडते. तिच्या कुशीतलं पिल्लू नाक पुढे करून बघतं आणि खाली पडलेला चुरा उचलतं. हुप्प्या थेट पिशवीच्या गाठीला हात घालतो. धावड्याच्या पालवीऐवजी ते पिल्लू प्लास्टिकचा आवाज शिकतंय. शिकवणारे आपणच.

बाकीचे गैरसमज पटापट. वानर आणि माकड एकच नव्हेत: लाल तोंडाच्या माकडाच्या गालात खाणं साठवायच्या पिशव्या असतात, काळ्या तोंडाच्या वानराला त्या नसतात. केळं हे त्यांचं रानातलं अन्न, हेही खोटं; बाजारातलं बिनबियांचं गोड केळं माणसानं घडवलेलं आहे. 'जंगलात काही उरलं नाही म्हणून येतात' हे काही ठिकाणी खरं, पण दिवसभर पानं चघळण्यापेक्षा एक पुडा मिळवणं सोपं, हेही तितकंच खरं. आणि 'पकडून लांब सोडा' म्हणणाऱ्यांनो, अनोळखी रानात कुठलं झाड कधी फळतं हे त्याला कोण सांगणार? ते जवळचं गाव गाठेल.

रामटेकला जरूर जा. प्रसाद झाकलेल्या पिशवीत न्या, हातात उघडं काही धरू नका, पोरांना वानराला भरवायला लावून फोटो काढू नका. पुण्य हवंच असेल तर गावाकडच्या बांधावर एक उंबर लावा.