जबड्याचे आजार (लेखांक ५) : एकच स्लाइड, तीन आजार

मागच्या आठवड्यात जबड्यातल्या पाणी भरलेल्या गाठी पाहिल्या. आजचे आजारही कर्करोग नव्हेत, पण त्यांना नाव देताना अनुभवी डॉक्टरही थबकतात. यात निरोगी हाडाच्या जागी तंतुमय ऊती येते आणि तिच्यातच हाडाचे वेडेवाकडे तुकडे तयार होतात. मुख्य प्रकार तीन : फायब्रस डिस्प्लेसिया, ऑसिफाइंग फायब्रोमा आणि सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेसिया. सूक्ष्मदर्शकाखाली तिन्ही इतके सारखे दिसतात, की नुसत्या स्लाइडवरून निवाडा करणं पुष्कळदा अशक्य असतं. उपचार मात्र तिन्हींचे पार वेगळे.

मुलाचा एकाच बाजूचा गाल हळूहळू, न दुखता फुगत असेल, तर फायब्रस डिस्प्लेसियाची शंका येते. एक्स-रेत हाड दुधी काचेसारखं दिसतं आणि आजार कुठे संपतो तेच कळत नाही. गर्भधारणेनंतर जीएनएएस या जनुकात झालेला बदल याच्या मुळाशी असतो. म्हणून तो आईबापांकडून येत नाही. वयात आल्यावर वाढ बहुधा मंदावते, त्यामुळे शस्त्रक्रियेची घाई नसते. किरणोपचार मात्र टाळायचेच, कारण त्यांनी कर्करोगाचा धोका वाढतो. ऑसिफाइंग फायब्रोमाची कडा स्पष्ट असते. हा फायब्रोमा म्हणजे खरी गाठ, ती वाढत राहते, म्हणून काढावीच लागते.

तिसरा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात उपचारच अपाय करतात. सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेसिया बहुधा मध्यमवयीन स्त्रियांमध्ये, अनेकदा खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या ओपीजीत (संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) सापडतो. सुरुवातीला तो काळा डाग दिसतो, हुबेहूब मुळाशी पू झाल्यासारखा. मग धडधाकट दातांचं रूट कॅनल होतं. वास्तविक दाताला थंड लावून नस जिवंत आहे का, एवढं तपासलं तरी हा घोटाळा टळतो. पुढे हा भाग घट्ट होतो, तिथला रक्तपुरवठा तुटपुंजा राहतो. अशा ठिकाणी बायोप्सी केली किंवा दात उपटला, तर जंतुसंसर्ग हाडात शिरून महिनोन् महिने छळतो. चित्र ठरावीक असेल तर बायोप्सी न करता अधूनमधून एक्स-रे काढणं, हाच योग्य मार्ग.

मग आजाराचं नाव नक्की कुठे ठरवायचं? उदाहरणार्थ, बंगळुरात व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या आवारात १९५८ पासूनचं सरकारी दंत महाविद्यालय आहे. अशा दंत महाविद्यालयांत एक्स-रे पाहणारे, स्लाइड वाचणारे आणि शस्त्रक्रिया करणारे असे तिन्ही विभाग एका छपराखाली असतात. ते एकत्र बसले की नाव ठरतं. खासगी दवाखान्यातून बायोप्सीचा तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो तेव्हा हा संवाद तुटू शकतो. तो जोडणं तुमच्याही हातात आहे. तुकड्यासोबत ओपीजी किंवा सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) द्या आणि रुग्णाचं वय, सूज कधीपासून आहे आणि काढताना गाठ अख्खी सुटली की चुरा निघाला, हे सगळं डॉक्टरांकडून लिहून घ्या. जुने एक्स-रे असतील तर तेही जपून ठेवा आणि सोबत न्या.