‘लिंबू’ या नावाखाली काय काय मोडते?

मराठीत ‘लिंबू’ हे नाव ज्या फळांस सरसकट लावले जाते, ती सर्व एका जातीची नव्हेत. संस्कृत ‘निंबूक’ शब्दाच्या आरंभीच्या ‘न’चा मराठीत ‘ल’ झाला. ‘निंब’चे ‘लिंब’ झाले तेही याच मार्गाने. त्यामुळे लिंब व लिंबू यांच्यात एका उकाराचेच अंतर उरले, मग झाडांची कुळे का निराळी असेनात! फारसीतील ‘लीमू’ अरबीच्या द्वारे युरोपात गेला व इंग्रजीत ‘लाइम’ आणि ‘लेमन’ अशा दोन रूपांनी स्थिरावला. मराठीने असा भेद केला नाही. विशेषणे जोडून काम भागविले.

हिरवे ते लाइम व पिवळे ते लेमन, अशी एक समजूत आढळते. ती ग्राह्य धरता येत नाही, कारण आपले कागदी लिंबू, म्हणजे लाइम, पूर्ण पिकल्यावर पिवळेच होते. रंगापेक्षा आकार व साल पाहणे श्रेयस्कर. कागदी लिंबू लहान, गोलसर व पातळ सालीचे असते. लेमन लांबट असून त्याच्या टोकाशी बोंडासारखा उंचवटा असतो व साल जाड असते. पानाचा देठही पाहावा: कागदी लिंबाच्या देठास अरुंद पंख असतो, लेमनच्या देठास तो जवळजवळ नसतो.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने या फळांची वंशावळ बरीच स्पष्ट केली. कागदी लिंबू हा फिलिपीन्सकडील मायक्रांथा व महाळुंग यांचा संकर. लेमन हा आंबट नारिंग व महाळुंग यांचा. जंबेरी व रंगपूर लिंबू हे दोन्ही संत्रावर्गीय फळ व महाळुंग यांच्या संकरातून आलेले. महाळुंग हा सर्वांचा पिता. माता मात्र निरनिराळ्या. म्हणजे रंगपूर लिंबू नावाने लिंबू असला, तरी मातृकुळाने तो संत्र्याचा आप्त ठरतो.

हा भेद केवळ कोशकारांच्या उपयोगाचा आहे असे नाही. विदर्भात नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरीच्या अथवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधतात. जंबेरी मूळकूज व डिंक्या या रोगांस लवकर बळी पडते. रंगपूर त्यामानाने तग धरतो. फळ हाती असल्यास ओळख कठीण नाही. जंबेरीचे फळ पिवळे व खडबडीत सालीचे असते. रंगपूरची साल सैल, गर नारिंगी, पण रस चांगलाच आंबट. रोपवाटिकेतील रोपास मात्र फळ नसते आणि कोवळेपणी दोन्ही रोपे बरीच सारखी दिसतात. तेथे विक्रेत्याने उच्चारलेल्या नावावरच सारी भिस्त असते, आणि ते नाव चुकले तर बागाईतदारास त्याचा पत्ता काही वर्षांनी, झाडे वाळू लागल्यावर लागतो. म्हणून ज्या झाडाचे बी घेतले, त्याचे पिकलेले फळ कापून पाहिलेले असावे.