मुंबईकरांची सायकलवरची जगप्रदक्षिणा

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईतून सायकली घेऊन निघाले, ते थेट जगप्रदक्षिणेला. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरीमन कापडिया. सगळे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे कसलेले गडी. युरोपातून पायी चालत भारतात आलेल्या एका फ्रेंच माणसाचे व्याख्यान काही वर्षांपूर्वी ओव्हल मैदानावर झाले होते. ते ऐकल्यापासून या खुळाने काहींच्या डोक्यात घर केले होते.

सायकलवरून पृथ्वीला फेरी मारण्याची कल्पना तेव्हा अगदीच नवी नव्हती. थॉमस स्टीव्हन्सने १८८४ ते १८८६ या काळात पुढे अजस्र आणि मागे इवलेसे चाक असलेल्या सायकलवर ती करून दाखवली होती. अफगाणिस्तानातून त्याला परत पाठवले गेले, तेव्हा तो बोटीने कराचीला उतरला आणि लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने पेडल मारत गेला. पण हे सगळे गोऱ्या माणसांचे पराक्रम. हिंदुस्थान त्यांच्या वाटेवरचा एक मुक्काम होता. मुंबईच्या सहाजणांनी ही दिशा उलटवली.

पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक असे ते पश्चिमेकडे सरकत गेले. बगदाद ते अलेप्पो हे ९५६ किलोमीटरचे वाळवंट त्यांनी २३ दिवसांत पार केले. दिवसाची सरासरी जेमतेम ४२ किलोमीटर. आज पुण्यातले हौशी लोक रविवारी सकाळी नाश्त्यापूर्वी तेवढी सायकल मारून येतात. हा आकडा वाळूत वाचावा लागतो. वाळूत चाक रुतले की माणूस सायकलवर बसत नाही, सायकलच माणसाच्या खांद्यावर बसते. सायकलीही बहुतेक एका गिअरच्या असत. चेन बदलणारे गिअर टूर द फ्रान्सच्या स्पर्धकांनासुद्धा १९३७ पर्यंत वापरायला बंदी होती. आणि पंक्चर? दुकानदार ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधतो. प्यायलाच पाणी नसेल तिथे ट्यूब ओठांजवळ, गालाजवळ हळूहळू फिरवायची, बारीक हवा लागली की तिथे बोट दाबून धरायचे, जागा घासायची, सोल्युशन लावून ते सुकू द्यायचे आणि मग ठिगळ. उन्हात हे काम किती वेळ खात असेल, ते ज्याने एकदा केले आहे त्यालाच कळेल.

कापडिया तेहरानहून परत फिरला. उरलेले सिनाई, इजिप्त, इटली करत इंग्लंडला आणि तिथून अमेरिकेला पोचले. हाथीरामने अमेरिकेतच राहायचे ठरवले. १९२३ च्या फेब्रुवारीतच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्यात हिंदी माणसाला नागरिकत्व नाकारले होते. तरीही हा तरुण तिथे राहिला. त्याच्या या निर्णयाची गोष्ट कोणीतरी सविस्तर सांगायला हवी होती. पोचखानावालाही तिथूनच मागे फिरला.

राहिले तिघे. जपान, कोरिया, मग लष्करशहांच्या लढायांनी पोखरलेला चीन, इंडोचायना, सयाम, ब्रह्मदेश. ईशान्येकडून ते भारतात शिरले आणि १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला पोचले. चार वर्षे पाच महिने, सुमारे ७१,००० किलोमीटर.

त्यांच्या मागोमाग १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर हा क्रीडा पत्रकार एकटाच निघाला होता. व्हिएन्नात त्याला गुस्ताव स्टावयानिक हा ऑस्ट्रियन जोडीदार मिळाला आणि दोघांनी मुद्दाम बिकट वाट धरली: सहारा, अँडीज, अ‍ॅमेझॉनचे जंगल. सात वर्षे आणि सुमारे १,१०,००० किलोमीटर. धाडस म्हणून पाहिले तर तिन्ही मोहिमांत दावरचीच मोहीम सरस ठरते. तिसरी तुकडी केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ यांची. ती १९३३ मध्ये निघाली आणि अर्धे जग युद्धात होरपळत असताना, १९४२ मध्ये परतली. एकाच शहरातून वीस वर्षांच्या आत तीन मोहिमा! पहिल्यांचे पाहून दुसरा उठला, त्यांचे ऐकून तिसरे उठले.

आज हे सगळे कळते, कारण त्यांनी लिहून ठेवले. पहिल्या तिघांचे इंग्रजी पुस्तक १९३१ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या प्रस्तावनेसह निघाले. दावरने आणि तिसऱ्या तुकडीनेही पुस्तके लिहिली. तरीही मधली कित्येक दशके ही नावे विस्मरणात होती. अलीकडे गोव्यातल्या अनूप बबानी आणि सविया व्हिएगस यांनी छायाचित्रे आणि कागदपत्रे जमवून या सफरी पुन्हा उजेडात आणल्या, हे त्यांचे मोठे ऋण आहे.

मधल्या शतकात सायकल बदलली, सामान बांधायची रीत बदलली. कॅरियरवरच्या वळकटीची जागा फ्रेमला घट्ट बसणाऱ्या पिशव्यांनी घेतली, नकाशा मोबाइलमध्ये गेला. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१८ मध्ये पुण्याची वीस वर्षांची वेदांगी कुलकर्णी १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर फिरून आली. कॅनडात तिच्यामागे अस्वल लागले, स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकाने लुटले. बीआरएम या ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरींमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत संपवणारे लोक तर आता महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत भेटतात.

त्यांच्या सफरींचे अंतर, चढ, वेग हे सगळे मोबाइलमध्ये नोंदले जाते. कोणत्या गावात कोणी जेवायला थांबवले, घाटात कुठे हिंमत खचली, सीमेवरच्या अधिकाऱ्याने काय विचारले, हे मात्र नोंदले जात नाही. पुण्याहून कन्याकुमारीला किंवा मनालीहून लेहला निघणाऱ्यांनी रात्री मुक्कामाला पोचल्यावर एक पान मराठीत लिहावे. आणि घरात कोणा आजोबा-पणजोबांच्या सायकल सफरीची वही किंवा फोटो पडून असतील, तर ते रद्दीत जाण्याआधी जवळच्या ग्रंथालयाला दाखवावेत.